घाट सात, तिखट

शर्यतीच्या शेवटाची कमान उतरवायला माणसं शिडीवर चढली होती, तेव्हा हेमांगी सरनोबत त्या कमानीखालून पळत आली. पहिले आलेले केव्हाच पदकं गळ्यात घालून, दात दाखवत फोटो काढून घरी गेले होते. उपमा संपला होता. कळंबा तलावाच्या काठावर केळ्यांच्या साली आणि कागदी पेले तेवढे उरले होते. हेमांगी शेवटून तिसरी आली होती आणि तिला इतका आनंद झाला होता की दुसरं कुणी नाही म्हणून तिने शिडीवरच्या माणसालाच हात उंचावून दाखवला.

ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. कोल्हापूरच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवायची, आणि गेली कित्येक वर्षं संधी मिळेल तिथे शर्यतीत उतरायची. कधी नुसती धाव, कधी नुसती सायकल, कधी दोन्ही एकापाठोपाठ. नंबर कधी आला नव्हता आणि येणारही नव्हता. पाय आखूड, पोटऱ्या जाड, श्वास बैलासारखा. पण लांबच्या रस्त्यावर, अंगातलं सगळं संपलं असं वाटल्यावर पुढचं वळण दिसायचं, तेव्हा तिला जे होई ते तिला न्यायालयात, देवळात, लग्नात, कुठेच कधी झालं नव्हतं.

एरवी तिला बहुतेक माणसांचा तिटकारा होता. महागडे बूट घेऊन महिनाभरात गुडघा धरून बसणारे, दमलो की नाही हे मनगटावरच्या घड्याळाला विचारणारे, पळण्यापेक्षा पळाल्याचं सांगण्यात जास्त दम घालवणारे. आणि या सगळ्यांच्याही खाली, तळाला, न पळणारे. गॅलरीत बसणारे. रविवारी सकाळी दुसरा चहा मागणारे.

"मॅडम, जरा बसता का?" एक चष्मेवाला माणूस तिच्यामागे धावत आला. चार पावलांत त्याला धाप लागली होती.

"बसायचं असतं तर घरीच राहिले असते," हेमांगी म्हणाली. "काय काम आहे?"

त्याचं नाव डॉ. निरंजन कारखानीस. पुण्याच्या 'हर्षलिपी' नावाच्या कंपनीत तो मेंदूवर काम करत होता. शर्यत सुरू होण्याआधी त्याच्याच माणसांनी काही जणांच्या कपाळावर एक मऊ पट्टी बांधली होती. हेमांगीच्या कपाळावर ती अजून होती.

"आज पहिला आला त्या पोराचा आनंद मी मोजला," कारखानीस म्हणाला. "ताकाच्या निवळीइतका पातळ. तुमचा मोजला आणि आमचं यंत्र बिघडलं की काय म्हणून मी दोनदा तपासलं."

मग त्याने समजावून सांगितलं. मेंदूत विजेचे प्रवाह चालतात, त्यांच्याभोवती अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते टिपायला पूर्वी खोलीएवढं यंत्र लागायचं, आता एक पट्टी पुरते. माणसाचे विचार तिला वाचता येत नाहीत, चित्रं दिसत नाहीत. पण भावनेची एक घडण असते. छाती, पोट, श्वास, स्नायू यांच्याकडून येणारे संदेश मेंदूच्या एका खोल घडीत एकत्र होतात आणि त्यांचंच 'मला कसं वाटतंय' हे होतं. ती घडण पट्टी उतरवून घेते, त्या नोंदीला कंपनीत 'लिपी' म्हणतात. दुसऱ्या कुणी तशीच पट्टी लावली की कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी त्याच्या मेंदूतल्या त्याच जागा त्याच क्रमाने हलकेच चाळवतात. शब्द नाहीत, दृश्य नाही, फक्त वाटणं.

"आणि आनंद म्हणजे फरक असतो, मॅडम. मेंदूने जेवढी अपेक्षा ठेवली आणि जेवढं मिळालं, त्यातला फरक. जिंकणाऱ्याला जिंकायची अपेक्षाच असते. त्याला कसला फरक? तुम्ही मात्र अर्ध्या वाटेपासून मरायला टेकला होतात. तुम्ही पोचलात यावर तुमच्या मेंदूचा विश्वासच बसला नाही."

"म्हणजे मी वाईट पळते म्हणून तुम्हाला हवी आहे."

"अगदी तसंच," कारखानीस म्हणाला. माणूस निदान खोटं बोलत नव्हता. हेमांगीने पुढच्या आठवड्यात करारावर सही केली. पळण्याची चव कळली तर बसलेली माणसं उठतील, असं तिला तेव्हा खरंच वाटलं.

पुढच्या वर्षभरात तिच्या चार-पाच लिप्या निघाल्या. लिपीवर माणसाचं नाव नसे, बाई की पुरुष आणि जागा एवढंच असे. करूळ घाटात सायकल आणि धाव करताना उतरवलेली तिची एक लिपी बाजारात 'घाट सात, तिखट' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिखट का, ते कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. ती दुबईत खपली, नागपुरात खपली, कोल्हापुरात तर घरोघरी गेली.

आणि कुणीही उठलं नाही.

उलट जे थोडेफार पळत होते तेही बसले. रंकाळ्याच्या कट्ट्यावर सकाळी माणसं पट्टी लावून ओळीने बसू लागली. समोरून कुणी घामाघूम होऊन पळत गेलं की ती त्याच्याकडे अशी बघत, जणू काल पळायला शिकलेलं पोर चाललंय. हेमांगीच्या हाताखालची वकील मुलगी अशिलांशी ओठ मुडपून बोलायला लागली. भाजीवाला गिऱ्हाइकाच्या पोटाकडे बघून भाजी मोजू लागला. शहरात सगळ्यांनाच सगळे आळशी, ढिले, कुचकामी वाटू लागले होते. हेमांगीला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिला लोक पहिल्यापासून तसेच वाटत होते.

तिचा नवरा जयवंत पाटबंधारे खात्यात अभियंता होता. भारदस्त, सावकाश, हाताला चव असलेला माणूस. शर्यतीच्या आदल्या दिवशी तिच्यासाठी भात-आमटी तोच करायचा, पण शर्यत बघायला मात्र कधी आला नाही. "तू जा, मी आहे घरी," असं म्हणून तो गॅलरीतल्या खुर्चीत बसे, आणि त्या खुर्चीचा करकर आवाज ऐकून हेमांगीच्या पोटऱ्यांत बळ येई.

एका रविवारी ती घरी आली तर त्याच्या कपाळावर पट्टी होती.

"घाट सात," तो जरा लाजून म्हणाला. "तुझी आहे हे मला ठाऊक आहे. म्हटलं, बघू तरी बायको जाते कुठं."

"मग? कळलं का?"

"कळतंय थोडं थोडं."

त्याच्याकडे बघून तिला हसू आलं. इतक्या वर्षांत जो जिन्याखेरीज काही चढला नाही, तो माणूस तिचा घाट खुर्चीत बसून चढत होता. पायांत सपाता, मांडीवर चिवड्याची वाटी. फुकट्या, असं तिच्या मनात आलं. ती काही बोलली नाही. ती कधीच काही बोलायची नाही, हा तिला स्वतःचा मोठेपणा वाटायचा.

जयवंत रोज पट्टी लावू लागला. महिन्याभरात तो बदलला, पण तिला वाटलं होतं तसा नाही. बाकीचे लोक ताठ होत होते, तो वाकत गेला. आधी त्याने चिवडा सोडला. मग गॅलरीत बसायचं सोडलं. मग जेवताना तिच्यासमोर बसायचं टाळू लागला. एकदा आरशासमोर उभा राहून स्वतःकडे असा बघत होता, की दारातून जाणारी हेमांगी थबकली.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

तो वळला नाही. आरशातूनच बोलला. "तुझ्या त्या लिपीत आनंदाच्या आत एक बारीक, गार गोष्ट आहे. चढ सुरू झाला की ती येते. आधी मला वाटलं दमणूक असेल. पण ती गोड लागते. म्हणजे तुला गोड लागते."

"मग?"

"गेले महिनाभर शोधतोय, हे मी आधी कुठं अनुभवलंय. परवा सापडलं. मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला की तू बघतेस ना, तेव्हा माझ्यापर्यंत जे येतं, ते हेच. मी फक्त आतून कधी बघितलं नव्हतं."

"काहीतरीच काय बोलता?" हेमांगी म्हणाली. वकिलाचा आवाज तिने लावला, पण तो नीट लागला नाही.

"इतकी वर्षं मी समजत होतो की पळताना तू आम्हाला सगळ्यांना विसरतेस," जयवंत म्हणाला. "आणि मला त्यात काही वाटत नव्हतं. माणसाला विसरायला जागा पाहिजे. पण हेमा, तू विसरत नाहीस. तू मला बरोबर घेऊन जातेस आणि प्रत्येक चढावर एकेकदा खाली टाकतेस."

खोटं असतं तर तिने त्याला तासभर उलटतपासणीत ठेवलं असतं.

चार दिवसांनी तो कपड्यांची एक पिशवी घेऊन साळवणला गेला. गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या त्या गावात त्याच्या थोरल्या भावाची शेती आणि घर होतं. रजा टाकली होती. भांडण नाही, दार आपटणं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "खुर्चीत बसलो की आता तूच माझ्याकडे बघत असतेस, माझ्याच डोक्यातून. मला जरा नुसतं बसायचंय."

हेमांगी पुण्याला गेली. कारखानीसच्या काचेच्या खोलीत ती उभीच राहिली.

"माझी लिपी बाजारातून काढा. तुम्ही आनंद विकतो असं सांगितलंत. त्यात तुच्छता आहे."

"आहे ना," कारखानीस शांतपणे म्हणाला. "भावना चिवड्यासारखी नसते, की दाणे वेचून बाजूला काढता येतील. ज्या घडीत शरीराचं सुख जमा होतं, तिथेच किळसही बसते. शेजारी राहतात दोघी. तुमच्यात तर एका खोलीतच राहतात. आम्हाला ती पहिल्या दिवसापासून दिसली होती."

"आणि तरी विकलंत?"

"म्हणून तर विकलं. तिखट नाव कशाचं दिलंय? नुसत्या आनंदाच्या कितीतरी लिप्या आहेत आमच्याकडे. लोक दोनदा लावतात आणि विसरतात. तुमची रोज लावतात. आपण कुणापेक्षा तरी वर आहोत हे न उठता वाटतं, ते लोकांना सोडवत नाही."

"तो भाग काढून टाका."

"काढून बघितला. उरलं ते पाणचट लागतं. कुणी घेणार नाही." त्याने चष्मा पुसला. "करारात परत घ्यायची सोय नाही, मॅडम. तुम्ही तर वकील आहात. वाचूनच सही केली असेल."

तिने वाचूनच केली होती. तिला कारखानीसची घृणा आली आणि लगेच लक्षात आलं, की ती घृणासुद्धा चवीला चांगली आहे. ओळखीची आहे. घाटात येते तीच. ती तशीच बाहेर पडली.

पावसाळा सरल्यावर गगनबावड्याची शर्यत आली. कळे गावापासून गगनबावड्यापर्यंत सायकल, तिथे सायकल ठेवून करूळ घाट पायी पळत उतरायचा, आणि तोच पुन्हा पळत चढायचा. हेमांगीने पट्टी न लावता नाव घातलं. वाटेत साळवण येणार हे तिला माहीत होतं. मारुतीच्या देवळापाशी माणसं टाळ्या वाजवत उभी होती. त्यांत जयवंत नव्हता. त्याचा भाऊ होता, त्याने हात केला.

ती बावड्याला पोचली, सायकल लावली, घाट उतरली. खालचं वळण घेऊन चढायला लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पहिल्याच मोठ्या चढावर ती वाट बघत राहिली. आता ते येईल. गॅलरी येईल, खुर्ची येईल, चिवडा येईल, आणि पोटऱ्यांत बळ येईल. गॅलरी आली. ती रिकामी होती. बळ आलं नाही. ती चालू लागली. अर्ध्या घाटात आजवर ती कधीच चालली नव्हती.

वरून दुसऱ्या वळणावर कठड्यावर पाच-सहा तरुण बसले होते. शेजारी गाड्या लावलेल्या, हातात भजी, आणि प्रत्येकाच्या कपाळावर पट्टी. ते शर्यत बघायला आले होते. ती जवळ आली तसे सगळे तिच्याकडे वळले.

कुणी हसलं नाही, शिट्टी मारली नाही. पण सगळ्यांची हनुवटी एकदम जराशी वर गेली. डोळे तिच्या तोंडावरून पोटावर आले, पोटावरून पायांवर, आणि मग हलकेच बाजूला झाले, बघण्यासारखं काही नसल्यासारखे. ओठाचा डावा कोपरा तेवढा आत ओढला गेला. पाच-सहा अनोळखी चेहरे आणि एकच नजर. ती कुणाची आहे हे सांगायला हेमांगीला पट्टी लागली नाही. भाताच्या पातेल्यावरून ती नजर तिने हजारदा टाकली होती. समोरून मात्र आज पहिल्यांदा खाल्ली. ती कठड्याला टेकली.

"बसा मावशी, बसा," त्यातली एक मुलगी सरकून म्हणाली. "झेपत नाही तर लोक कशाला येतात, काय कळतच नाही."

"तू पळतेस का?" हेमांगीने विचारलं.

"रोज पळतो की," मुलगी कोल्हापूरच्या पोरींच्या बोलीत म्हणाली आणि तिने कपाळाला बोट लावलं. "चहाच्या आधी एकदा, जेवल्यावर एकदा. हाच घाट."

"कुणाची लिपी?"

"नाव नसतंय त्यात. घाट सात, तिखट. कसली बाई आहे सांगू! कुणाची पर्वाच नाही तिला. सगळ्यांना चिलटासारखं झटकत जाते."

"तिच्या घरी कोण असेल?"

मुलीने भजं तोंडात टाकलं आणि जरा विचार केला. "कोण असणार? असल्या बाईजवळ कोण राहणार ओ? एकटीच असणार."

हेमांगी उठली. त्या मुलीला काही सांगावं असं तिला वाटलं नाही, तिची कीवही आली नाही. ती चढू लागली. मागे त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. ती पळत नव्हती, भराभर चालतही नव्हती, नुसती चढत होती. दरीतून वारा वर येत होता आणि घाम निवत होता. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की आपण कुणाचाच विचार करत नाही आहोत. गुडघे दुखत होते. डाव्या बुटात खडा होता. करवंदीच्या जाळीत एक पाखरू एकसारखं ओरडत होतं. ते काही फार मोठं सुख नव्हतं, पण सुखच होतं.

ती वर पोचली तेव्हा वेळ संपून गेली होती. पोरं वेळ नोंदवणारी चटई गुंडाळत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावापुढे 'पूर्ण नाही' लागलं. तिने सायकल घेतली आणि साळवणकडच्या उताराला सोडून दिली.

साळवणला जयवंत भावाच्या घराच्या पुढच्या सोप्यात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसला होता. तिला बघून तो उठला नाही. मोठ्या जाऊबाई पाणी घेऊन आल्या आणि दोघांच्या तोंडाकडे बघून आत गेल्या.

"झाली शर्यत?" त्याने विचारलं.

"नाही. वेळेत पोचले नाही."

जयवंतने मान वर केली. घामाने आणि धुळीने तिचं तोंड माखलेलं होतं, पाय थरथरत होते. त्याच्या ओठावर तुच्छतेचं काहीतरी येऊन गेलं, आणि ते तिच्याकडून उसनं घेतलेलं नव्हतं. त्याचं स्वतःचं होतं, सावकाश, जाडंभरडं.

"मग इतकी वर्षं मिरवलंस कशाच्या जिवावर?" तो म्हणाला.

"तुमच्या," हेमांगी म्हणाली. "तुमच्या खुर्चीच्या. आज ती नव्हती, तर अर्धा घाट चालावा लागला."

तो शेंगा निवडत राहिला. तिने माफी मागितली नाही. न्यायालयात माणसं किती सहज माफी मागतात, हे तिने फार बघितलं होतं.

"लिपी बंद होत नाही," ती म्हणाली. "मी पुण्याला जाऊन आले. ते म्हणाले, तेवढं काढलं तर पाणचट लागतं."

"पाणचट नाही," जयवंत एकदम म्हणाला. मग आवाज खाली आणून, शेंगांकडेच बघत म्हणाला, "चढ लागायच्या आधी थोडा वेळ काहीतरी असतं. तू मला उचलून घेतेस त्याच्या आधी. वाऱ्यासारखं. तेवढ्यासाठीच मी रोज लावायचो. पुढचं सगळं मग सोसायचो."

हेमांगी पायरीवर बसली. ती नुसती पाणी पीत राहिली. तांब्या रिकामा झाला तरी तोंडाला लावून बसली.

"घरी येता?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"मग कधी?"

"मला तुझा राग आहे," जयवंत म्हणाला. "आणि तुला खरं सांगू? जरा तुच्छही वाटतेस. ऐन पन्नाशीत बाई घाटातून ऊर फुटेस्तोवर पळते, ती कशासाठी, तर घरी बसलेल्या माणसाला हलकं ठरवायला. हे मला आता पुरतं वाटून घेऊ दे. मग बघू."

"वाटून घ्या," हेमांगी म्हणाली. ते तिला लागलं आणि ते बरोबर आहे हेही कळलं. ती सायकलपाशी गेली. पण पाय नळीवरून पलीकडे जाईना. दोनदा प्रयत्न केला, दोनदा सायकल कलंडली. तिसऱ्यांदा तिने मागे वळून बघितलं.

"अहो, जरा धरता का? पाय उचलत नाहीये."

जयवंतने मांडीवरची टरफलं झाडली आणि तो खाली आला. एका हाताने त्याने हँडल धरलं, एका हाताने सीट. त्याच्या खांद्यावर तिने सगळा भार टाकला तेव्हा तो थोडा कण्हला, पण हलला नाही.

"कोल्हापूर लांब आहे," तो म्हणाला. "सावकाश जा. दमलीस तर उतर आणि चाल, बघायला कुणी नाही."

"हो," ती म्हणाली, आणि तिने पायडल मारलं.